रात्रभर चिंचेत बुडालेली कळशी

पत्र: गुहागरजवळच्या सासरच्या घराची वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला भांडी आली. एक बंब, दोन हंडे, एक कळशी, आतून पांढरं असलेलं झाकणाचं पातेलं आणि देवाचं ताम्हन, पळी, पंचपात्र. बारा-पंधरा वर्षं माळ्यावर पडून होती. सगळी काळीठिक्कर, कुठे कुठे हिरवी बुरशी आलेली. व्हिडिओ बघून मी टबात चिंच-मीठ कालवलं आणि कळशी नि पातेलं रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी बघते तर कळशीवर गुलाबी डाग, पोटावर आडवी रेघ, आणि तारेच्या घासणीनं घासल्यावर पातेल्याचा आतला पांढरा थर जागोजागी निघाला. सासूबाई म्हणतात, ‘राखेनं घासायचं सोडून हे काय आरंभलंस?’ नवरा म्हणतो टोमॅटो सॉस लाव. मैत्रीण म्हणते खायचा सोडा आणि व्हिनेगर. नक्की काय करू? आणि ही भांडी कशाकशाला वापरता येतील? लेक आठ महिन्यांची आहे. तिचं दूध याच पातेल्यात तापवावं असं सासूबाईंच्या मनात आहे.
— एक सून, डोंबिवली

दुधाचं आधी सांगते, कारण भांडी आणखी महिनाभर काळी राहिली तरी कुणाचं काही बिघडत नाही. लेकीचं दूध स्टीलच्या पातेल्यातच तापवा. ज्या पातेल्याची कल्हई, म्हणजे आतला तो पांढरा थर, जागोजागी निघाली आहे त्यात तर मुळीच नको.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, कळकणं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते. हिरवट दिसते, जिभेला तुरट-कडू लागते आणि पोटात गेली तर मळमळायला लागतं. त्यामुळे आंबटाच्या बाबतीत आपल्या आज्या फार कडक होत्या. दूध मात्र आंबट नसतं आणि कळकलेलं ओळखूही येत नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांबं धरून ठेवतं, आणि रंगात, चवीत काही कळत नाही. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्या देशात पूर्वी बराच दिसायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत त्याचा माग काढला, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख आला. संशय होता तो तान्हेपणीच सुरू केलेल्या वरच्या दुधावर, कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधावर. पुढे घराघरातून ती भांडी दुधासाठी वापरायची बंद झाली आणि तो आजारही जवळजवळ दिसेनासा झाला.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, ‘आई, तुम्ही कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवायचात का?’ त्या स्वतःच नाही म्हणतील. मग दुधाचं सांगणं सोपं जाईल. लेकीचं प्यायचं पाणीही तूर्त स्टीलमधलंच असू द्या.

आता कळशी. ती तांब्याची नाहीच. पितळेची आहे, पैज लावते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाच्या तावडीत जस्त आधी सापडतं. रात्रभर चिंचेत राहिल्यावर वरच्या पापुद्र्यातलं जस्त विरघळून गेलं आणि मागे नुसतं तांबं उरलं. तोच तुमचा गुलाबी डाग. आडवी रेघ म्हणजे टबातल्या पाण्याची पातळी. आंबट, मीठ आणि हवा अशी तिघं जिथे एकत्र येतात तिथे धातू सर्वांत जास्त खाल्ला जातो. पाण्याखाली हवा कमी आणि पाण्यावर आंबट नाही, म्हणून मार बसला तो नेमका काठावर. काळ्या पडलेल्या भांड्यांत तांबं कुठलं नि पितळ कुठलं हे भल्याभल्यांना कळत नाही, त्यामुळे स्वतःला बोल लावू नका. पुढच्या वेळी बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मीठ लावलेली लिंबाची फोड अर्धा मिनिट घासून बघा. खालून केशरी-तांबूस रंग आला तर तांबं, पिवळा आला तर पितळ. पितळेला आंबट चालतं, पण मिनिटभरच, आणि शक्यतो मिठाशिवाय.

तुम्ही जिला हिरवी बुरशी म्हणता ती बुरशी नव्हे. तो जंगाल. तांब्याला हवा लागली की आधी तपकिरी आणि मग काळा थर चढतो, तो तांब्याचा ऑक्साइड. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यावर हिरवा थर येतो. तुमचं घर समुद्राजवळचं, वाऱ्यात मीठ. तिथे हे सगळं लवकर होतं. हिरवा थर कोरडा खरवडू नका, त्याची धूळ नाकातोंडात जाते. आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि तेवढ्या वेळ लेकीला मोरीपासून लांब ठेवा.

आंबटाला हे थर सहज विरघळवता येतात. खालच्या निखळ तांब्याला मात्र ते एकदम काही करू शकत नाही, त्यासाठी त्याला हवा आणि भरपूर वेळ लागतो. आपण रात्रभर ठेवतो तेव्हा हा वेळ त्याला आयता मिळतो. मीठ हे काम आणखी जोरात करून देतं, म्हणून नुसत्या लिंबापेक्षा मीठ लावलेलं लिंबू झटकन उजळतं, आणि म्हणूनच ते विसरून गेलं तर नुकसानही झटकन होतं. व्हिडिओत साहित्य चुकीचं सांगितलेलं नव्हतं. घड्याळ तेवढं चुकलं. दोन मिनिटं, फार तर पाच. त्यात जे निघालं नाही त्याला धुऊन पुन्हा दोन मिनिटं.

सासूबाईंची राख आणि तुमची चिंच या एकमेकींच्या सवती नाहीत. दोघींची कामं वेगळी. लाकडाची राख क्षारयुक्त असते, ती तेलकटपणा आणि काजळी काढते. माळ्यावरच्या भांड्यावर काळ्या थराच्याही वर जुन्या तेलाचा, धुराचा, धुळीचा चिकटा बसलेला असतो. तो असेपर्यंत चिंच आत पोचतच नाही. तेव्हा आधी राख. डोंबिवलीत चुलीची राख कुठून आणणार म्हणाल, तर रिठ्याचं पाणी, शिकेकाई किंवा भांड्याचा साधा साबण आणि गरम पाणीही चालेल. गावाहून राख आणलीत तर लाकडाची किंवा गोवरीची आणा आणि वस्त्रगाळ करून घ्या, खडा राहिला तर ओरखडे उठतात. रांगोळीनं घासायची पद्धत होती, पण हल्लीची बाजारातली रांगोळी फार खरखरीत असते. ती मी बंबाच्या बाहेरच्या बाजूला सोडून कशाला लावत नाही.

राखेनंतर भांडं नीट विसळा आणि मगच चिंचेकडे वळा. दोन्ही एकत्र कालवलं तर राखेतला क्षार चिंचेची आंबटाई मारून टाकतो आणि हातात नुसता चिखल येतो. तुमच्या मैत्रिणीच्या सोडा-व्हिनेगरमध्ये हेच होतं. फसफसताना बघायला मजा येते, मुलांना तर फारच. पण ते फसफसणं म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवणं. उरतं ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. नवऱ्याचा सॉस चालतो, त्यात व्हिनेगर आणि मीठ दोन्ही असतं. पण विकतच्या सॉसनं हंडा घासायचा म्हणजे माझ्या पिढीच्या जिवावर येतं. तळाशी उरलेली बाटली असेल तर खुशाल लावा.

माझं मत चिंचेला. जुनी, काळी पडलेली, आमटीत घालायला नको वाटते ती चिंच यासाठी उत्तम. एका हंड्याला लिंबाएवढा गोळा पुरतो. वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा, कोळ काढायचा, त्यात चमचाभर मीठ पूर्ण विरघळवायचं. लिंबाचा रस हंड्याच्या उभ्या अंगावरून ओघळून जातो. चिंचेचा कोळ चिकट, तो जागेवर राहतो, आणि राहिलेला चोथा हीच तुमची घासणी. कोळ पातळ झाला तर मूठभर तांदळाची पिठी घालून लेप करा. एका वेळी पाव हंडाच घ्या. लावा, चोथ्यानं गोल गोल फिरवा, काळं सुटलं की लगेच धुवा, मग पुढचा भाग. सगळा हंडा माखून मग फोन घ्यायला गेलात तर ओघळांच्या रेघा उमटतात आणि त्या काढायला दुप्पट वेळ जातो.

तारेची घासणी नको. ओरखडे पडतातच, शिवाय तिचे बारीक तुकडे अडकून गंजाचे ठिपके उमटतात. नारळाची शेंडी किंवा काथ्याचा बोळा बरा. एक गंमत करून बघा. चिंचेच्या त्या हिरवट झालेल्या पाण्यात स्वच्छ लोखंडी खिळा टाका, थोड्या वेळानं त्याच्यावर तांबूस झाक चढलेली दिसेल. हंड्यावरून सुटलेलं तांबं ते.

चिंच नसेल तर अडून बसू नका. सोलकढी केल्यावर उरलेली आमसुलं, पिळून झालेल्या लिंबाच्या साली, नासलेल्या दह्याचं पाणी, परसात असतील तर ठेचलेली बिंबलं, सगळं चालतं. ताक सावकाश काम करतं, पण देवाच्या नाजूक भांड्यांना तेच बरं. दर आठवड्याला घासायचं ताम्हन चिंच-मिठानं झिजवण्यापेक्षा ताकात बुडवलेल्या बोटांनी दोन मिनिटं चोळलं तरी पुरतं. नक्षीतली घाण काढायला मऊ जुना ब्रश घ्या. पंचपात्रात नुसतं पाणी आणि तुळशीचं पान असेल तर ठीक आहे. पंचामृत मात्र वेगळ्या वाटीत करा, दही आहे त्यात.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगते. भांडं उजळलं की लोक खूश होतात, नळाखाली धरतात आणि पालथं घालून निघून जातात. संध्याकाळी बघावं तर ठिपकेच ठिपके. मग म्हणायचं, चिंच काही टिकत नाही. कानाच्या खाचेत, काठाच्या वळणाखाली आंबट-मीठ राहून गेलेलं असतं, ते रात्रभर आपलं काम चालू ठेवतं. भरपूर पाण्यानं धुतल्यावर शेवटचं एक विसळणं खायच्या सोड्याच्या पाण्याचं करा, बादलीभर पाण्याला दोन चमचे. उरलंसुरलं आंबट तिथे मरतं. तुमच्या मैत्रिणीच्या सोड्याची खरी जागा ही. मग पुन्हा साध्या पाण्यानं धुऊन ताबडतोब सुती फडक्यानं पुसा. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग राहतो आणि त्याच्या कडेनं काळपट कडं उमटतं. आमच्या घरी या कामाला आजोबांचा विरलेला पंचा राखून ठेवलेला असायचा, दुसऱ्या कशाला तो वापरला की आत्या ओरडायची.

त्या काळी आम्ही पुण्यात तांबट आळीच्या जवळ राहायचो. सकाळपासून मठारकामाची ठकठक कानावर यायची. हातोडीनं ठोकून भांड्याच्या अंगावर जे छोटे छोटे गोल पैलू उठवतात ते मठारकाम. ते शोभेसाठी असतंच, पण ठोकल्यामुळे पत्रा कडकही होतो. तुमच्या हंड्यांवर असे पैलू दिसत असतील तर जोर लावून घासू नका, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं ते पुसट होत जातात. आणि हंड्याला पोचा आला असेल तर घरच्या हातोडीनं काढायला जाऊ नका. ते तांबटाचंच काम.

पातेल्याचं दुःख मात्र मोठं आहे. आतला पांढरा थर म्हणजे मळ नव्हता, ती कल्हई होती, कथलाचा पातळसा लेप. कल्हई करड्या रंगाची, मंद होत जाते. ती चमकायला हवी असा हट्ट कुणीही धरू नये. आतून मऊ फडकं आणि सौम्य साबण, एवढंच. चिंच नको, राख नको, काथ्याही नको. करपलं तर पाणी घालून भिजत ठेवा, सावकाश सुटतं. आता तांबं उघडं पडलंच आहे, तर पुन्हा कल्हई करून घेणं आलं.

कल्हईवाला तुमच्याकडे गल्लीत येत नसेल तर तांब्या-पितळेच्या जुन्या दुकानात चौकशी करा, त्यांना माणसं माहीत असतात. शक्य असेल तर समोर बसून करून घ्या, बघण्यासारखं असतं. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ती चांदी सगळीकडे फिरवायची. दोन मिनिटांत काळं भांडं आरशासारखं होतं. कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे मात्र स्पष्ट विचारा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर कुरकुरते. शिसं वाकताना गप्प असतं. कांडी मागितल्यावर कल्हईवाला जरा वैतागेल, वैतागू द्या.

कल्हई झाल्यावर त्यात भात, वरण, खिचडी सुंदर होते, कारण तांबं उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं आणि बुडाला एकाच जागी लागत नाही. आमटी शिजवली तरी चालेल, पण झाली की दुसऱ्या भांड्यात काढा. फोडणी त्यात करू नका आणि रिकामं पातेलं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि रिकामं भांडं तिथवर बघता बघता पोचतं. उलथनं लाकडी घ्या. तुमची शेगडी इंडक्शनची असेल तर मात्र हे पातेलं तिच्यावर तापणारच नाही, तेव्हा गॅस लागेल.

हंड्यांना कल्हई नसते आणि नकोही. साधं पाणी रात्री भरून सकाळी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही. त्यात लिंबू पिळायचं नाही, सरबत करायचं नाही. आत हात फिरवल्यावर हिरवं लागत नसलं आणि पाण्याला धातूची चव येत नसली की पुरे. आतून तपकिरी असणं म्हणजे घाण नव्हे, दर आठ दिवसांनी आतून लख्ख करायची काही गरज नाही. महिन्यातून एकदा लिंबाची फोड फिरवा, भरपूर विसळा.

बंब मी असते तर आहे तसाच ठेवला असता. बाहेरची काजळी राखेनं काढा, जंगाल चिंचेनं, आणि खालचा तो मधासारखा तपकिरी रंग राहू द्या. तो रंग यायला वर्षं लागतात. आत पाण्याचा क्षार पापुद्र्यासारखा बसलेला असेल, तो लिंबाच्या कोमट पाण्यानं अर्ध्या तासात मऊ होतो. तुम्ही बंबफोड, म्हणजे बंबात जाळायची फोडलेली लाकडं, आणून बंब पेटवणार नाही हे मला माहीत आहे, फ्लॅटमध्ये शक्यही नाही. बैठकीत ठेवणार असाल आणि अगदी लख्खच हवा असेल, तर पुसून झाल्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं टिपून घ्या. काही आठवडे तरी चकाकी राहते.

घासून झालेलं हिरवट पाणी तुळशीला घालू नका. आंबट पाणी झाडाला चांगलं म्हणून पुष्कळ जणी घालतात. त्यात तांबं आणि मीठ दोन्ही असतं. कोकणात पावसाळ्यात सुपारीवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात ते तांबं बुरशी मारतं म्हणूनच, आणि मोजून फवारतात. कुंडीतल्या मूठभर मातीत दर महिन्याला तेच साठत गेलं तर तुळस कोमेजेल, आणि घरात दोष भलत्याच कुणाला जाईल. मोरीत ओता, वरून बादलीभर पाणी सोडा.

राहिली ती गुलाबी कळशी. तिला पुन्हा आंबट दाखवू नका. वस्त्रगाळ राख किंचित खोबरेल तेलात कालवा, सुती फडक्यावर घ्या आणि एकाच दिशेनं, न कंटाळता घासा. तो गुलाबी पापुद्रा अगदी पातळ असतो, खालचं पिवळं हळूहळू वर येतं. एका बैठकीत होणार नाही, तीन-चार दुपारी लागतील. आडव्या रेघेची खाच थोडी राहीलच. कळशी कमरेवर घ्यायची वस्तू, तिला अशा खुणा असतातच. आणि राखेनं घासताना सासूबाईंना शेजारी बसवून घ्या, गोवरीची राख कशी चाळायची ते त्यांच्याकडूनच शिका.